बेस ड्रमचा आवाज काढून घेताना

आमच्या सोसायटीच्या नियमावलीत पाळीव प्राण्यांवर दीड पान आहे, गच्चीत वाळवणं घालण्यावर एक परिच्छेद आहे आणि बेस ड्रमवर एक अक्षर नाही. त्यामुळे मुलीने बँड सोडून नोकरीला लागलेल्या एका सीनियरकडून जुना ड्रमसेट विकत घेतला आणि दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या मागच्या खोलीत मांडला, तेव्हा बाप म्हणून मला बोलता आलं असतं, पण सोसायटीचा खजिनदार म्हणून काही बोलता येईना. बोलल्या त्या खालच्या मजल्यावरच्या आजी. वर आल्या, चहा घेतला, मुलीचं कौतुक केलं आणि निघताना दारात चपला घालता घालता म्हणाल्या, "झांजा वाजवते ना, त्या चालतात हो. पण तो मोठा ढोल धप्पकन वाजला की इथे छातीत बसतो. टीव्हीवर कोण काय म्हणालं तेही कळत नाही."

आजींचं निदान बिनचूक होतं. झांजा कितीही कडाडल्या तरी दारं-खिडक्या लावल्या की त्यांचा आवाज बराचसा आतच राहतो. बेस ड्रमचा राहत नाही. बावीस इंच व्यासाचं ते पान सेकंदाला पन्नास-साठ वेळा हलतं. इतक्या खालच्या आवाजाची एकेक लाट सहा मीटरच्या आसपास लांब असते, म्हणजे आमच्या मागच्या खोलीपेक्षा मोठी. पडदे, गाद्या, भिंतीला चिकटवलेले अंड्यांचे ट्रे यांना ती जुमानत नाही. शिवाय ड्रमचे दोन पाय आणि त्याचं पेडल थेट फरशीवर, म्हणजे आजींच्या छतावर. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. आमची मुलगी कॉलेज आणि क्लास उरकून वाजवायला बसायची तीच रात्री साडेनऊला.

पुण्यात राहून आवाजाची तक्रार करू नये असं मलाही वाटायचं. गणपतीच्या आधी आठवडेच्या आठवडे नदीपात्रात ढोल पथकांचे सराव चालतात. मुलगी स्वतः पथकात ढोल वाजवून आलेली आहे आणि तिच्या पहिल्या मिरवणुकीत आम्ही लक्ष्मी रस्त्यावर चार तास उभे होतो. पण तो ढोल उघड्यावर वाजतो, वर्षातून ठराविक दिवस वाजतो आणि त्याला सगळ्यांची मान्यता आहे. हा एकटीचा, छताखालचा आणि रोजचा.

बाकीच्या ड्रमांवर आणि झांजांवर रबराच्या चकत्या टाकून भागलं. बेस ड्रमलाही तशी चकती मिळते, पण त्याने धप्पच्या जागी थप्प येतं, आणि वाजवणाऱ्याला स्वतःला त्यात काही ऐकू येत नाही. सरळ इलेक्ट्रॉनिक ड्रमसेट घेऊ म्हटलं तर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी किंमत विचारायचंही टाळलं. तिला हाच ड्रम हवा होता, हेच पेडल हवं होतं आणि कार्यक्रम असेल त्या दिवशी हाच ड्रम त्याच्या मूळ आवाजासकट स्टेजवर न्यायचा होता. "बाबा, ट्रिगर बसवू या. ड्रमला एकही भोक पाडायचं नाही. पाहिजे तेव्हा काढता आला पाहिजे." तिची परीक्षा तोंडावर होती. "बसवू या" मधला "या" कोण, हे त्याच क्षणी ठरलं. मी आकड्यांवर पोट भरणारा माणूस. घरातला फ्यूज उडाला तरी वायरमनला फोन करतो.

तिने समजावलं ते असं. पानाला टेकून एक सेन्सर बसवायचा. पेडलचा बीटर पानावर आदळला की सेन्सर हलतो आणि विजेची एक कळ तारेतून मोड्यूल नावाच्या डब्याकडे जाते. मोड्यूलच्या पोटात ड्रमचे आवाज आधीच भरून ठेवलेले असतात. कळ किती जोराची आहे ते पाहून तो त्यातला आवाज हेडफोनमध्ये वाजवतो. म्हणजे सेन्सरला ढोल ऐकू येत नाही. त्याला फक्त हादरा कळतो.

"मग ढोलाचा आवाज बंद कसा होणार?" मी विचारलं.

"ट्रिगरने नाही होणार. त्याला जाळीचं हेड लागेल."

ही दोन स्वतंत्र कामं आहेत हे मला दुकानात पैसे मोजण्याआधी कळलं, हे बरं झालं. स्टेजवरचे अनेक ड्रमर प्लास्टिकचं पान तसंच ठेवतात, कडेच्या लाकडी हूपला सेन्सरचा चिमटा लावतात आणि खऱ्या आवाजावर इलेक्ट्रॉनिक ठोका चढवतात. त्यांना दोन्ही हवं असतं. आम्हाला आजींच्या दृष्टीने शून्य हवं होतं. त्यासाठी प्लास्टिकचं पान काढून त्या जागी नायलॉनच्या बारीक जाळीचं दुपदरी पान ताणून बसवायचं. पान हवा ढकलतं म्हणून आवाज होतो. जाळीतून हवा निघून जाते. रोलँड कंपनीने १९९७ मध्ये व्ही-ड्रम्स आणले तेव्हापासून ही जाळी रुळली. त्याआधी १९८१ च्या सिमन्सच्या ड्रमला षटकोनी, पॉलिकार्बोनेटचे पॅड होते आणि ते इतके टणक होते की वाजवणाऱ्यांची मनगटं कुरकुरायची. आपल्याकडे लग्नाच्या ऑर्केस्ट्रात आणि बँजो पार्टीत जो ऑक्टोपॅड घुमतो, तोही याच कुळातला. रोलँडचा पहिला ऑक्टोपॅड १९८५ चा, आठ रबरी चौकोनांचा. त्याच्या पोटात स्वतःचा एकही आवाज नव्हता. दोनच वर्षांपूर्वी रुळू लागलेल्या मिडी नावाच्या संकेतपद्धतीने तो दुसऱ्या यंत्राला "आता वाजव" एवढंच कळवायचा. ही वंशावळ वाचल्यावर मला जरा धीर आला. ज्या यंत्राला दुसऱ्याला नुसतं कळवायचं आहे, ते फार अवघड नसावं.

सेन्सरसाठी तपकीर गल्लीत गेलो. बुधवार पेठेतल्या या गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सचं काय मिळत नाही ते सांगणं सोपं, पण काय मागायचं हे माहीत नसलेल्या माणसाला तिथे फार एकटं वाटतं. काउंटरवर हात टेकून मी म्हणालो, "पिएझो सेन्सर आहे का?"

"सत्तावीसचा की पस्तीसचा?"

मी दोन्ही म्हणालो. हे उत्तर कुठल्याही काउंटरवर चालतं.

"कशाला पाहिजे?"

"ढोलाला लावायचाय."

त्यांनी चष्म्याच्या वरून पाहिलं, खण उघडला आणि पितळी चकत्यांचा ढीग समोर ओतला. मधोमध पांढरी खडूसारखी टिकली, भोवती पितळेची कड. आकडे व्यासाचे होते, मिलिमीटरमध्ये. "बझरची प्लेट आहे ही. वीज दिली की टीं करते. उलटं पण चालतं." त्यांनी प्लेटला एक लाल एलईडी लावला आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने प्लेटवर टिचकी मारली. दिवा लखकन लागून विझला. ना सेल, ना पिन. दाबल्यावर वीज देणारे स्फटिक पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवून दिले होते. मी ते बुधवार पेठेत पाहिलं आणि पाच मिनिटं तिथेच टिचक्या मारत उभा राहिलो. मागे गिऱ्हाईकं खोळंबली तेव्हा प्लेटा, एक पी-३८ चं सॉकेट, तार, सोल्डरिंग गन आणि "लागला तर असू द्या" म्हणून मिळालेला एक मेगाओहमचा रेझिस्टर घेऊन निघालो. तपकिरी, काळा, हिरवा पट्टा असलेला तो रेझिस्टर आमच्या मोड्यूलला लागला नाही. स्वतःचं मोड्यूल सर्किट जोडून बनवणाऱ्यांना मात्र तो लागतो, कारण प्लेटवर साचलेली वीज उतरवायला वाट हवी, आणि जोरदार ठोक्याला ही चिमुरडी प्लेट कित्येक व्होल्टपर्यंत उसळू शकते.

सोल्डरिंगबद्दल थोडक्यात सांगतो. काळी तार पितळेला, लाल तार पांढऱ्या टिकलीला. पितळेला डाख पटकन बसतो. टिकलीवर चांदीचा अतिपातळ थर असतो. तिथे गन जरा रेंगाळली की थरच उचलून येतो आणि प्लेट कामातून जाते. शेजारच्या इमारतीतला डिप्लोमा करणारा मुलगा मदतीला आला होता, तो सारखा म्हणत होता, "काका, उचला. काका, उचला!" जोडलेली लाल तार जरा ओढली गेली तरी टिकलीपासून तुटते, म्हणून सांध्यावर गरम गोंदाचा ठिपका टाकून तिला जखडून ठेवायचं.

खरं काम ड्रमच्या पोटात होतं. पुढचं पान काढलं तेव्हा आत सीनियरने कोंबलेली उशी आणि एक मोजा निघाला. उशी असते, ठोका घुमू नये म्हणून ड्रमर आत उशी किंवा घोंगडी टाकतातच. मोज्याचं कारण मुलीलाही सांगता आलं नाही.

एकही भोक पाडायचं नाही ही अट असल्यामुळे मी ड्रमच्या कवचाची, म्हणजे शेलची, आतली बाजू बॅटरी लावून पाहत बसलो. पान ताणून धरणारे बाहेरचे पितळी लग ज्या स्क्रूंनी आवळलेले असतात त्यांची डोकी आतून दिसतात. समोरासमोरच्या दोन लगांचे स्क्रू काढले, त्याच आट्यांचे थोडे लांब स्क्रू घेतले, आणि त्यांच्यावर रॅकला वापरतात ती भोकाभोकांची लोखंडी पट्टी आडवी बसवली. पट्टी आणि शेल यांच्यात रबरी वॉशर. पट्टीवर प्लायची गोल चकती, तिच्यावर दुहेरी फोम टेप, टेपवर पिएझो, आणि पिएझोच्या वर जाळीला टेकेल असा फोमचा ठोकळा. गादीवाल्याकडचा फोम फार मऊ निघाला, बीटर आदळला की तो सगळा हादरा गिळायचा. जुन्या योगा मॅटच्या चकत्या एकावर एक चिकटवल्या तेव्हा हवा तेवढा कणखरपणा आला. ठोकळा जाळीवर जेमतेम दाबला जाईल इतकाच उंच हवा: कमी पडला तर हादरा पोहोचत नाही, जास्त झाला तर मध्ये टेंगूळ येतं.

तार बाहेर कुठून काढायची हा प्रश्न मला रात्रभर पडला होता. उत्तर ड्रमवरच होतं. प्रत्येक शेलला हवा निघून जायला एक छोटं भोक असतं आणि त्याला धातूची चकचकीत कड असते. सॉकेटची मान त्या भोकात वॉशर घालून चपखल बसली. ड्रम बनवणाऱ्याने ते भोक हवेसाठी ठेवलं असेल, पण ट्रिगरवाल्यांवर त्याचे फार उपकार आहेत.

मोड्यूल मिळालं ते ऑक्टोपॅड वाजवणाऱ्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून, सेकंडहँड. पैसे मोजून घेताना ते म्हणाले, "साहेब, हे वाजायला लागणं सोपं आहे. न वाजायला लावणं बघा तुम्ही." मला तो विक्रेत्याचा शहाणपणा वाटला. घरी येऊन तार जोडली, मुलीने पेडल दाबलं आणि हेडफोनमधून स्टेडियमभर घुमावा असा ठोका आला. खोलीत फक्त "फुस्स". बायको दारातून म्हणाली, "झालं?" मी म्हणालो, "झालं." मग बायको स्वयंपाकघराकडे वळली आणि तिच्या पावलांबरोबर ड्रम वाजला.

तिथून पुढे जे चाललं त्याला मी ऑर्केस्ट्रावाल्यांची शिकवणी म्हणतो. ड्रम कोणी न मारता वाजायचा. बाजूच्या स्नेअर नावाच्या छोट्या ड्रमवर काठी पडली की वाजायचा, दार आपटलं की वाजायचा, फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की एक ठोका द्यायचा. आणि मारला तेव्हा एका ठोक्याचे दोन द्यायचा. सेन्सरला फक्त हादरा कळतो, हे मी मान डोलावत ऐकलं होतं. त्याचा अर्थ आता कळला. घरातला प्रत्येक हादरा त्याच्या दृष्टीने ठोकाच होता. कुठला खरा, हे ठरवणं त्याच्यावर सोडलेलं नाही, ते मोड्यूलच्या बारीक अक्षरांतल्या मेनूमध्ये आपण ठरवायचं असतं.

फ्रिजचा उपाय सगळ्यांत सोपा. पिएझोची तार फार संवेदनशील असते, आसपासच्या वायरिंगमधली ५० हर्ट्झची गुणगुण आणि खटके ती उचलते. भोवती जाळीचं वेष्टण असलेली शिल्डेड तार टाकली आणि फ्रिज गप्प झाला.

पावलांसाठी थ्रेशोल्ड. अमुक इतक्याच्या खालचा हादरा मोड्यूलने ऐकलाच नाही असं समजायचं, ती रेघ म्हणजे थ्रेशोल्ड. रेघ वर नेली तशी बायकोची पावलं थांबली, दार थांबलं. पण मुलीने हेडफोन काढून तक्रार केली की तिचे हळू ठोके गेले. जॅझमध्ये बेस ड्रमला नुसता स्पर्श करत राहतात म्हणे. ते सगळे ठोके रेघेखाली गाडले गेले होते. म्हणून रेघ पुन्हा खाली, आणि स्नेअरसाठी क्रॉसटॉक नावाचा वेगळा आकडा. शेजारच्या ड्रमवर जोरात पडलं तर त्या क्षणीची इकडची कुजबुज सोडून द्यायची, हे त्याचं काम. पण त्यासाठी स्नेअरलाही ट्रिगर असावा लागतो. तो नव्हता. मग आम्ही स्नेअरच्या स्टँडखाली रबर घातलं, आणि मेनूने जे होईना ते रबराने झालं.

एका ठोक्याचे दोन का, यावर माझे सर्वांत जास्त दिवस गेले. पान एकदा हलून थांबत नाही. ते पुढे जातं, मागे येतं, पुन्हा पुढे. साठ हर्ट्झला एक हेलकावा साधारण सतरा मिलिसेकंदांचा. मोड्यूलने पहिला हेलकावा नोंदवला, आणि दुसराही पुरेसा जोराचा असेल तर तोही नवा ठोका म्हणून नोंदवला. यावर दोन आकडे आहेत. रीट्रिगर कॅन्सल हा आकडा, हेलकावा ओसरतोय की नव्याने उसळलाय, ते पाहतो. मास्क टाइम सरळसोट आहे: एक ठोका नोंदवला की इतके मिलिसेकंद काहीच नोंदवायचं नाही. एक पावती फाडून कारकुनाने क्षणभर खिडकी लावून घ्यावी, रांगेत कोणीही ओरडो, तसं. माझा हा आकडा फार आवडता झाला, कारण याचा हिशेब मांडता येत होता. १२० च्या लयीत एका मात्रेचे चार ठोके मारले तर दोन ठोक्यांमध्ये १२५ मिलिसेकंद मिळतात. २०० च्या लयीतही ७५. आमच्या मोड्यूलमध्ये मास्क टाइम ६४ पर्यंत जातो. म्हणजे ३० ठेवला तर मुलीचा एकही खरा ठोका खिडकीबाहेर राहत नाही आणि दुसरा हेलकावा आत येत नाही. कागदावर हे बसलं, ड्रमवर अर्धवट. उरलेलं गोधडीने केलं. आईने शिवलेली जुनी गोधडी घडी करून शेलच्या तळाशी अशी ठेवली की तिची कड जाळीला खालून जेमतेम शिवेल. हेलकावे लवकर मरायला लागले आणि मला ते दोन्ही आकडे खाली आणता आले.

मग जोराचा प्रश्न. मिडीमध्ये ठोक्याचा जोर १ ते १२७ असा मोजतात. लॅपटॉपला मोड्यूल जोडून पडद्यावर पाहिलं तर आमचा ड्रम हळू मारा की जोरात, १२७, १२७, १२७. एक्सेलमध्ये तक्ता केला असता तर एकच स्तंभ भरला असता. पायाचा ठोका हाताच्या ठोक्यापेक्षा फार जोरकस असतो, आणि बीटर बरोबर फोमच्या ठोकळ्यासमोर आदळत होता. गेन, म्हणजे मोड्यूल हादरा किती वाढवून घेतं तो आकडा, कमी केला, आणि भोकाभोकांच्या पट्टीचा फायदा असा झाला की प्लायची चकती बीटरच्या जागेपासून दोन-तीन इंच खाली सरकवता आली. तेव्हा पडद्यावर ४८, ६१, ९० असे माणसांचे आकडे दिसू लागले. मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "आकडे नको, वाजवून बघू दे." वाजवलं, मान हलवली, आणि परीक्षेचं पुस्तक घेऊन बसली. मोबदला म्हणून तेवढं मला पुरलं.

उशीर हाही एक विषय आहे, पण त्यावर आमच्याकडे फार वाद झाला नाही. मोड्यूल ठोक्याचा जोर मोजण्यासाठी क्षणभर थांबतं. तो एक-दोन मिलिसेकंदांचा खेळ. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे खऱ्या बेस ड्रमचा ठोकाही पायापासून कानापर्यंत पोहोचायला तीन-चार मिलिसेकंद घेतोच. हेडफोन थेट मोड्यूलला लावले तर काही जाणवत नाही. लॅपटॉपमधले आवाज वापरायचे असतील तर मात्र चांगल्या ऑडिओ ड्रायव्हरशिवाय ठोका पायाच्या मागे लंगडत येतो.

हे सगळं झाल्यावर मी खाली जाऊन आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, "झांजा बंद झाल्या वाटतं. पण धप्प आहेच की."

झांजांवर रबर होतं, जाळी गप्प होती, वर खोलीत उभं राहून मला काहीही ऐकू येत नव्हतं. खाली येत होता तो आवाज नव्हताच. पेडलची पाटी, टाच आणि बीटरचा धक्का फरशीत जात होता, स्लॅब हलत होता आणि आजींच्या खोलीत स्लॅब बोलत होता. हे ट्रिगरच्या कुठल्याच मेनूत नाही. इलेक्ट्रॉनिक ड्रमसेट विकत घेणाऱ्यांनाही हे चुकत नाही; पैसे कितीही मोजा, पाय फरशीवरच आपटणार. यावरचा उपाय गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्या पोरांकडे निघाला. प्लायच्या एका फळीत वाटीने गोल आखून उथळ भोकं कापायची, त्यात टेनिसचे जुने बॉल बसवायचे, वर दुसरी फळी ठेवायची, आणि ड्रम, पेडल, वाजवणारी व स्टूल, सगळं त्या तरंगत्या पाटावर. हा उपाय जगभरचे फ्लॅटमधले ड्रमर करतात. बॉल फार थोडे घेतले तर पाट डुगडुगतो, फार जास्त घेतले तर कडक होऊन हादरा खाली जातो. वजन समान पडेल असे, पेडलखाली जरा दाट, अशी मांडणी आम्हाला मानवली. दोन दिवसांनी आजी जिन्यात भेटल्या. "सोडलं का हो तिने वाजवायचं?" त्यांनी काळजीने विचारलं.

मुलीचं मत तेवढं गोड नाही. जाळीवरून बीटर प्लास्टिकच्या पानापेक्षा जोरात परततो, त्यामुळे पेडलची स्प्रिंग नव्याने लावावी लागली आणि कॉलेजच्या ड्रमवर बसलं की पाय पहिला अर्धा तास चुकतो. फेल्टचा बीटर जाळी घासून झिजवतो, म्हणून ठोक्याच्या जागी चिकटपट्टी लावावी लागते. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी जाळी काढून प्लास्टिकचं पान चढवायला ड्रमच्या किल्लीने अर्धा तास लागतो. आतली पट्टी मात्र आता कायमची आहे. उघड्या आवाजातही ती काही अडवत नाही, असं तीच म्हणते.

ज्यांच्या खाली कोणी राहत नाही त्यांनी यातलं काहीही करू नये, उशी टाकून दहाच्या आत वाजवावं. ज्यांना नुसता सराव करायचा आहे आणि पैसे आहेत त्यांनी बेस ड्रमचा तयार इलेक्ट्रॉनिक पॅड घ्यावा. आपलाच ड्रम, आपलंच पेडल आणि खाली आजी, असं तिन्ही असेल तर हा उद्योग करण्याजोगा आहे, फक्त टेनिस बॉलचा पाट आधी करा आणि ट्रिगर नंतर. आणि पिएझोच्या प्लेटा मोजून एक आणू नका, मूठभर आणा. त्या अगदी स्वस्त मिळतात आणि त्यातल्या निम्म्या तरी सोल्डरिंग शिकण्यातच जातात.